देव्हाऱ्यातली जुनी तसबीर किती किमतीची? हे ठरतं कसं?

एप्रिल 2021. स्पेनची राजधानी माद्रिदमधल्या एका लिलावाच्या यादीत येशूचं जुनं तैलचित्र होतं. डोक्यावर काट्यांचा मुकुट, शेजारी त्याला लोकांसमोर उभं करणारा पिलात. चित्रकाराचं नाव नव्हतं, 'रिबेराच्या वर्तुळातलं' एवढीच नोंद. बोली 1,500 युरोपासून, म्हणजे तेव्हाचे साधारण सव्वा लाख रुपये.

लिलावाआधीच जाणकारांना शंका आली. चित्र मागे घेतलं गेलं आणि सरकारने ते देशाबाहेर न्यायला बंदी घातली. पुढे तज्ज्ञांनी ते इटलीच्या काराव्हाज्जोचं असल्याचं सांगितलं. 2024 मध्ये ते प्रादो संग्रहालयात लागलं, तेव्हा नव्या मालकाने सुमारे 3.6 कोटी युरो मोजल्याच्या बातम्या होत्या.

चित्र तेच होतं. फरक पडला तो नावाने आणि पुराव्याने. शैली आणि रंगकाम तपासलं गेलंच, पण कागदांनीही साथ दिली. ते 1823 मध्ये माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीकडून अदलाबदलीत त्या कुटुंबाकडे आल्याची नोंद होती.

आता आपल्याकडे येऊ. धाराशिव, तुळजापूर, परंड्याच्या जुन्या वाड्यांत आजोबा-पणजोबांच्या काळातल्या देवादिकांच्या तसबिरी सापडतात. त्यातल्या बऱ्याच हाताने काढलेल्या नसतात, छापील असतात. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचली. चित्रावर रविवर्मांची सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, सहीसुद्धा छापलेली असते! भिंग धरून बघा. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, खालच्या कडेला अनेकदा छापखान्याचं नाव असतं. हातच्या तैलचित्रात रंगाचा थर कुठे जाड, कुठे पातळ लागतो.

छापील म्हणजे कवडीमोल, असंही नाही. काही घरांतल्या बायकांनी देवीच्या चित्रावर जरी-टिकल्या लावून साडी नटवली आहे. अशी चित्रं संग्राहक आवडीने घेतात.

चित्राची मागची बाजू जरूर पाहा. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, शिक्का, जुने खिळे, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पण ओल्या फडक्याने पुसू नका, रंग तर अजिबात भरू नका. स्पेनमधल्याच बोर्हा गावात 2012 मध्ये एका आजींनी चर्चच्या भिंतीवरचा येशू भक्तिभावाने 'दुरुस्त' केला आणि तो जगभर मीम झाला. (गावात पर्यटक वाढले, ही गोष्ट वेगळी.)

किंमत सांगणारा आणि लगेच विकत घेतो म्हणणारा माणूस एकच असेल, तर सावध. आधी दुसऱ्या जाणकाराला विचारा. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय जवळ आहे, पण त्याची ओळख सातवाहनकालीन वस्तूंची. चित्रासाठी चित्रांचाच जाणकार गाठा.

आणि कायदा? 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं चित्र पुरातन वस्तू ठरू शकतं. तसं ठरलं तर ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. रविवर्मांसह 9 चित्रकारांच्या मूळ कलाकृतींवर तर वय न पाहता निर्यातबंदी आहे. त्यामुळे 'परदेशात गिऱ्हाईक आहे, फोटो पाठवा' असा मेसेज आला, तर आधी परवाना मागा.