दोन खांबांचा खेळ

दिवाळीचा फराळ आटोपला की आमच्या आळीतली पोरे मैदान गाठतात. धाराशिवात दुसरे काही नसले तरी खो-खोला गडी हमखास जमतात. याचे मर्म मला थोडे इतिहासात सापडले, थोडे शाळेत.

1948 पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. खासगी शाळा नि आखाडे काढायलाही सरकारची परवानगी लागे. 1938-39 च्या सत्याग्रहात तेही एक गाऱ्हाणे होते. इकडे पुण्यात 1914 सालीच डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवायला समिती नेमली होती. जाणते एकत्र बसले, खेळ एका मापात आला आणि शाळांना तो उचलता आला.

दोन खांब रोवले, जमीन आखली, आठ गडी बसले, नववा धावला, की झाला खेळ! पण वेळापत्रकात तास छापल्याने मुले खेळत नाहीत. माझ्या शाळेत तो तास गणितात जाई. मुली तर कडेलाच बसत. अखेर एका गुरुजींनी पालकांनाच मैदानावर बोलावले. वेळ आयांनी ठरवली, खडे गावाने वेचले, रेघा मुलांनी आखल्या. त्या साली मुली प्रथम धावल्या.

याच धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. 2020 चा अर्जुन पुरस्कारही तिला लाभला.

तेव्हा वाचकहो, सुट्टी संपली की मुलांच्या गुरुजींना एवढे विचारा, ‘मैदानासाठी आम्ही काय करू?’