मुंग्यांनी आधी ओळखलेला आजार

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून एका जुन्या आजाराची गोष्ट सांगते.

साखरेचा आजार शहरातला, बसून खाणाऱ्यांचा, असं आपण म्हणतो. पण चरकसंहितेसारख्या जुन्या ग्रंथातही प्रमेहाच्या आधीच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. घशाला कोरड, सारखी तहान, आळस, हातापायांना बधिरपणा आणि आग, शिवाय लघवीला मुंग्या लागणं. लघवी मधासारखी गोड, म्हणून मधुमेह. तेव्हा यंत्र नव्हतं, मुंग्यांवरूनच माणसं ओळखायची.

पुढे १७७६ साली इंग्लंडमधल्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी रोग्याची लघवी आटवली. खाली साखरच उरली. रोग्याच्या रक्तातही गोडी असते, हेही त्यांनी सांगितलं. आजार ओळखता आला, पण औषध नव्हतं. हा आजार जडलेली लहान मुलं फार दिवस जगत नसत. १९२१ मध्ये कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं. जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला टोचलं. पहिल्यांदा गुण आला नाही. औषध आणखी शुद्ध करून पुन्हा दिलं, तेव्हा साखर उतरली आणि पोरगा वाचला. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात.

आता आपल्या गटातलं सांगते. आमच्या एका ताईंची चप्पल चालताना पायातून निसटायची, त्यांना कळायचंही नाही. आम्ही हसायचो. रात्री तीनतीनदा उठावं लागायचं, म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. पायात काटा मोडला, दुखला नाही, जखम चिघळली. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर कळली. पायाचं एक बोट गेलं. सगळ्या खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून खूप तहान, सारखी लघवी, कारण नसताना वजन उतरणं, थकवा, अंधुक दिसणं, अंगावर जाताना खाज, जखम न भरणं, पायाला मुंग्या येणं, यातलं काही असेल तर तपासून घ्या. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं तपासावं. बाळंतपणात साखर वाढली होती तिनं तर नक्कीच.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर तपासणी होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ. १२६ किंवा वर गेली तर डॉक्टरांकडून रक्त पुन्हा तपासून खात्री करा.

घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवतो, तपासणीतही मागेच राहतो. या महिन्यात बैठकीआधी सगळ्या मिळून उपाशीपोटी केंद्रावर जाऊ. भाकरी सोबत घेऊ, तपासणी झाली की तिथंच सोडू.