हाडाच्या जागी नेमक्या मापाचे टायटॅनियम

हाडातील कर्करोगाची गाठ काढताना केवळ गाठ काढून भागत नाही. तिच्याभोवतीचा निरोगी दिसणारा भागही कापावा लागतो, कारण मागे राहिलेल्या थोड्याशा पेशीही रोग परत आणू शकतात. मांडीच्या हाडासाठी किंवा गुडघ्यासाठी ठरावीक मापांचे तयार कृत्रिम भाग मिळतात. कटिरातील हाडे, छातीचे हाड, मानेचा मणका यांचा आकार मात्र इतका वेडावाकडा असतो की तयार भाग तेथे नीट बसत नाही. अशा ठिकाणी थ्री-डी प्रिंटिंगने बनविलेले रोपण उपयोगी पडते.

प्रिंटिंग म्हटले की शाई आणि कागद आठवतो. येथे शाईच्या जागी टायटॅनियमच्या मिश्रधातूची भुकटी असते. सीटी स्कॅनवरून संगणकावर हाडाची प्रतिकृती तयार होते. गाठ हाडाच्या मगजात व आसपासच्या मांसल भागात कुठवर पसरली आहे, हे एमआरआयवरून ठरते. त्यानंतर भुकटीचा पातळ थर पसरून लेसर किंवा इलेक्ट्रॉन शलाकेने हवा तेवढाच भाग वितळविला जातो आणि थरावर थर चढत जातो. पृष्ठभागावर मुद्दाम सूक्ष्म छिद्रे ठेवली जातात. शेजारचे हाड त्यांत वाढून रोपणाला धरून ठेवते.

बीजिंगमध्ये पेकिंग विद्यापीठाच्या तिसऱ्या रुग्णालयात २०१४ मध्ये युइंग सार्कोमा झालेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या मानेचा दुसरा मणका काढून तेथे असा छापलेला मणका बसविण्यात आला. एरवी अशा जागी टायटॅनियमची सरळ नळी बसवितात. पुढच्या वर्षी स्पेनमधील सालामांका येथे ५४ वर्षांच्या रुग्णाला छातीचे हाड व बरगड्यांचा काही भाग असे रोपण मिळाले. त्याची छपाई मेलबर्नमध्ये सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत झाली होती. शस्त्रक्रियेनंतर बारा दिवसांनी रुग्ण घरी गेला.

खरी अडचण वेळेची आहे. आराखडा, त्यावर शल्यचिकित्सकांची संमती, छपाई, सफाई आणि निर्जंतुकीकरण यांत अनेकदा काही आठवडे जातात. रोपण बनते ते स्कॅनच्या दिवशीच्या हाडावरून. मधल्या काळात गाठ वाढली, तर ठरलेल्या रेषेवर कापून चालत नाही आणि मोठ्या खर्चाचा तो सुबक भाग निरुपयोगी ठरू शकतो. रोपण बसावे म्हणून कमी हाड कापणे हा तर रुग्णाच्या जिवाशी खेळच होय. म्हणूनच अनुभवी पथके पर्यायी साधन हाताशी ठेवतात. हाड नेमके ठरल्या रेषेवर कापले जावे, यासाठी मार्गदर्शक साचेही त्याच आराखड्यावरून छापून घेतले जातात.

रोपणाने कर्करोग बरा होत नाही. गरजेप्रमाणे केमोथेरपी वा किरणोपचार करावेच लागतात. जंतुसंसर्ग झाल्यास बसविलेला भाग काढावा लागण्याचीही शक्यता असते. पुढे वर्षानुवर्षे तपासण्या कराव्या लागतात आणि त्यांतही धातूमुळे स्कॅनच्या प्रतिमा काही ठिकाणी अस्पष्ट येतात.