सॉलिसिटर निवडतांना

कायद्याचें काम निघालें म्हणजे आपण प्रथम विचारतों, ‘कोर्टांत चांगला बोलणारा कोण?’ मुंबईचा इतिहास मात्र सांगतो कीं, पहिला प्रश्न हा नव्हे.

१८२४ सालीं मुंबईस सुप्रीम कोर्ट सुरू झालें आणि इंग्लंडांतील वकिलीची दुहेरी रीत येथें आली. १८६२ मध्यें हायकोर्ट स्थापन झाल्यावरहि त्याच्या ओरिजिनल साइडवर ती कायम राहिली. अशिलानें जावयाचें तें सॉलिसिटरकडे. हकीकत ऐकणें, दस्तऐवज पारखणें, ब्रीफ तयार करणें हें त्याचें काम. बॅरिस्टर नेमावयाचा तोहि त्याच्याच मार्फत. बॅरिस्टरची वाणी कितीहि ओघवती असली, तरी तिची शिदोरी सॉलिसिटरच्या दप्तरांतच बांधली जाई.

या मधल्या माणसाचें वजन बद्रुद्दीन तय्यबजींच्या उदाहरणावरून कळतें. १८६७ सालीं ते मुंबई हायकोर्टांतील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. कामें सोपविणें सॉलिसिटरांच्या हातीं. अशा वेळीं वडील बंधु कमरुद्दीन हे स्वतः सॉलिसिटर होते, ही लहान गोष्ट नव्हती.

१ जानेवारी १९७७ पासून ही दुहेरी पद्धति रद्द झाली. १८९४ सालीं स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा अजूनहि घेते. परंतु सॉलिसिटरकडेच जाण्याची सक्ति उरली नाहीं. निवडीची जबाबदारी मात्र अशिलाच्या माथीं आली.

मग पाहावें काय? घराचें खत असो वा भागीदारीचा करार, त्या तऱ्हेचें काम त्यानें पूर्वीं केलें आहे काय? आपलीं कागदपत्रें तो स्वतः वाचतो, कीं नवख्या साहाय्यकावर सोपवितो? फीचा आंकडा आधीं लेखी देतो काय? प्रतिपक्षाचें काम त्याच्याकडे नाहीं ना? आणि दाव्यापेक्षां तडजोड बरी, हें स्वतःची फी बुडवूनहि तो सांगेल काय?

अशिलाचें गुपित फोडण्यास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलांना मनाई केली होती; २०२४ मध्यें अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंहि ती राखली आहे. गैरकृत्य साधण्यासाठीं केलेल्या सल्लामसलतीला हें संरक्षण नाहीं. प्रामाणिक अशिलाला तें पुरेसें आहे. म्हणून आपली पडती बाजू ज्याच्यापुढें निःसंकोच मांडतां येईल, असाच सॉलिसिटर निवडावा. त्याच्यापासून लपविलेली गोष्ट प्रतिपक्षाचा वकील भर कोर्टांत उघडी करतो, आणि त्या क्षणीं उत्तम वक्ताहि निरुत्तर होतो.