बोरीची ज्वालामुखीय राख

बोरीची ज्वालामुखीय राख हा पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या गाळात आढळलेला राखेचा थर आहे. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र ती टोबाच्या कोणत्या उद्रेकातील आहे, याविषयी संशोधकांमध्ये मतभेद आहेत. तिच्याशी निगडित थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाल्यामुळे राखेच्या वयाचा प्रश्न दख्खनमधील मानवी वस्तीच्या प्राचीनत्वाशी जोडला गेला आहे.

स्थान

बोरी हे शिरूर तालुक्यातील शिक्रापूरच्या उत्तरेस आहे. कुकडी नदी पुढे शिरूरजवळ घोड नदीस मिळते व घोड नदी भीमेस मिळते. हा सर्व प्रदेश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. बोरीची राख या खडकाहून सर्वस्वी वेगळी असून ती काचेच्या अतिसूक्ष्म तुकड्यांची बनलेली आहे. टोबा येथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बारामती तालुक्यातील मोरगाव येथेही कऱ्हा नदीच्या गाळात अशी राख आढळते.

संशोधन

या राखेचा अभ्यास १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीशेट्टर आदी संशोधकांनी केला. राखेच्या शोधाची माहिती १९८९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. राखेशी निगडित वाळू-गोट्यांच्या थरांत अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे मिळाली. हातकुऱ्हाड हे या परंपरेचे प्रमुख हत्यार होय.

कालमापन

पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा काही भाग कालांतराने आर्गॉन वायूत रूपांतरित होतो. उद्रेकाच्या वेळी तप्त द्रव्यातील जुना आर्गॉन निघून जातो, असे गृहीत धरून नंतर साठलेल्या आर्गॉनवरून वय काढतात. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत दोन्ही मूलद्रव्ये नमुन्याच्या वेगवेगळ्या भागांत मोजावी लागतात. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातील पोटॅशियमाचा काही अंश आर्गॉनात बदलतात, त्यामुळे दोन्हींचे गुणोत्तर एकाच नमुन्यातून मिळते.

बोरीच्या राखेची प्रसिद्ध झालेली प्रमुख अनुमाने पुढीलप्रमाणे :

१९८० च्या दशकाची अखेर : पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षे.

१९९५ : मिश्रा व सहकाऱ्यांच्या आर्गॉन-आर्गॉन मापनानुसार सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे.

१९९५ व १९९८ : वेस्टगेट, शेन, कोरीशेट्टर आदींच्या मते भारतातील टोबाची राख एकाच, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील. या मतास काचेच्या रासायनिक घटकांचा आधार होता.

२०११ : वेस्टवे, मिश्रा व सहकाऱ्यांच्या आर्गॉन-आर्गॉन मापनानुसार बोरी व मोरगाव येथील राख सुमारे सात ते आठ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे टोबाच्या जुन्या उद्रेकातील.

मतभेदाची कारणे

नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या बेसाल्टचे कण मिसळू शकतात. अशा कणांत कोट्यवधी वर्षांचा आर्गॉन साठलेला असल्याने त्यांचे अल्प प्रमाणही राखेचे वय फुगवते. बोरीची राख फार बारीक असल्यामुळे शुद्ध नमुना वेगळा करणे कठीण जाते. टोबाचा सुमारे आठ लाख व सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला. दोन्ही उद्रेकांच्या राखेची रासायनिक घडण बरीच सारखी असल्याने केवळ त्यावरून त्या वेगळ्या ओळखणे अवघड असते.

महत्त्व

राख सात-आठ लाख वर्षांपूर्वीची असेल आणि मूळ जागी साचलेली असेल, तर तिच्या खालील थरांतील हत्यारे त्याहून प्राचीन ठरतात. ती ७४ हजार वर्षांपूर्वीची असेल, तर तिच्यावरून हत्यारांना इतके प्राचीन ठरवता येत नाही. जुनी हत्यारे नदीने उकरून नव्या गाळात आणलेली असण्याची शक्यताही तपासावी लागते. २०११ मध्ये तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथील अश्युलियन हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे वेगळ्या पद्धतींनी दाखवले गेले. त्यामुळे भारतातील या परंपरेचे प्राचीनत्व आता केवळ बोरीच्या राखेवर अवलंबून नाही. कुकडीच्या खोऱ्यातील हत्यारांचा काळ ठरवण्यासाठी मात्र या राखेचे वय निर्णायक आहे.