स्वयंचलित गिअरबॉक्सचा दोषसंकेतांक : आधी निदान, मग दुरुस्ती

स्वयंचलित गिअरच्या मोटारीत डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गिअर बदलताना हिसका बसतो किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रेंगाळू लागते. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडताच ‘पी०७००’ हा संकेतांक उमटतो आणि ‘गिअरबॉक्स गेला’ असे जागीच सांगितले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. संकेतांकामुळे दोष कोणत्या भागात शोधावा एवढेच कळते. नेमके काय बिघडले आहे, हे तपासणीनंतरच ठरते. हा फरक ध्यानात न घेतल्यास एका वायरीच्या दोषापायी संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च माथी येऊ शकतो.

संकेतांकाची रचना

‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअर यंत्रणेसाठी आहे. त्यापुढचा शून्य सर्व कंपन्यांना समान असलेला संकेतांक दर्शवतो. तेथे १ असल्यास तो कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच पाहावा लागतो. त्यानंतरचा ७ गिअर यंत्रणेकडे बोट दाखवतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही ‘ओबीडी-२’ पद्धत बंधनकारक झाली. भारतात ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. स्कॅनर जोडण्याचा सोळा पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतो.

पी०७०० हा मुळात एक निरोप आहे. गिअरच्या संगणकाने दोष नोंदवला असल्याचे तो इंजिनच्या संगणकाला कळवतो. खरा दोष गिअरच्या संगणकात नोंदलेला असतो. स्वस्त स्कॅनर अनेकदा तेथवर पोहोचत नाहीत. म्हणून गिअरचा संगणक वाचू शकणारा स्कॅनरच वापरावा.

नेहमी आढळणारे संकेतांक

पी०७०५ : गिअर लिव्हरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचे सर्किट.
पी०७१५ : गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टची गती मोजणाऱ्या सेन्सरचे सर्किट.
पी०७२० : बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या गती-सेन्सरचे सर्किट.
पी०७३० : गिअरचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नाही.
पी०७४१ : टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच लागत नाही.
पी०७५० : गिअर बदलणाऱ्या ‘ए’ सोलेनॉइडमधील दोष.

एएमटी प्रकारच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तेथे साधा क्लच व तो दाबणारी यंत्रणा तपासावी लागते. म्हणून गाडीत कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे, हे आधी पाहावे.

तपासणीचा क्रम

प्रथम सर्व संकेतांक आणि दोष नोंदला गेला त्या क्षणाची माहिती (वेग, तापमान, इंजिनचे फेरे) लिहून घ्यावी. संकेतांक पुसल्यास ही माहितीही पुसली जाते.

दुसरी पायरी बॅटरीची. व्होल्टेज कमी पडल्यास संगणक चुकीचे संकेतांक नोंदवू शकतो.

तिसरी पायरी तेलाची. पातळी व तापमान पुस्तिकेनुसार तपासावे. तेल काळपट होऊन जळका वास येत असेल, तर क्लचप्लेटा झिजल्याचा संशय बळावतो. सीव्हीटीला तिचे स्वतंत्र तेल लागते. त्यात अन्य तेल घालू नये.

चौथी पायरी वायरी व कनेक्टरची. आपल्याकडचा पावसाळा आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे पिनांवर हिरवट गंज चढतो. सेन्सर बदलण्यापूर्वी कनेक्टर उघडून पाहावा. सोलेनॉइडचा रोध मल्टिमीटरने मोजून पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

शेवटी गाडी चालवून स्कॅनरवर दोन्ही शाफ्टची गती पाहावी. समजा, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आहे. आत येणारा शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर बाहेरच्याने ५०० घ्यायला हवेत. तो ४०० च घेत असेल आणि दोन्ही सेन्सर ठीक असतील, तर आतला क्लच घसरत आहे. गाडी चालू असताना एक आकडा शून्यावरच राहिला, तर आधी सेन्सर व त्याची वायर पाहावी. गिअरबॉक्स उघडायचा की नाही, हा निर्णय या टप्प्यावर घ्यावा.

गाडी कधी थांबवावी

दोष गंभीर वाटल्यास संगणक गाडीला एकाच गिअरमध्ये ठेवतो. ही व्यवस्था सुरक्षित ठिकाणी वा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती असते. अशा अवस्थेत चोर्ला किंवा अनमोड घाट चढू नये. संथ चढणीवर तेल झपाट्याने तापते. गिअर घसरत असेल, जळका वास येत असेल किंवा तापमानाचा इशारा दिसला, तर गाडी थांबवून टोईंग वाहन बोलवावे.

दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून गाडी चालवावी व पुन्हा स्कॅन करावे. गॅरेजकडून संकेतांकांची यादी आणि मोजमापे लेखी मागून घ्यावीत. ती दाखवता येत नसतील, तर गिअरबॉक्स बदलण्यास संमती देण्याआधी दुसऱ्या तंत्रज्ञाचे मत घेणे इष्ट.