अंगावर पुरळ उठलंय? आधी गोळ्यांची पाकिटं बघा

पावसाळ्यात बदलापूरच्या शिरगावातून रोज लोकलने जाणाऱ्यांना ओले कपडे, घाम आणि गर्दीमुळे अंगाला खाज सुटणं नवीन नाही. पण प्रत्येक पुरळ घामामुळे येत नाही.

आजारामुळे
नायट्याचा चट्टा गोल, कडेला लालसर आणि खवलेदार असतो. खरजेत रात्री खाज वाढते आणि घरातल्या इतरांनाही ती होते. तापासोबत पुरळ आलं तर डेंग्यू, गोवर किंवा कांजिण्या असू शकतात.

औषधामुळे
अँटिबायोटिक, सल्फा, वेदनाशामक आणि फिट्सवरच्या काही गोळ्यांनी पुरळ येतं. ते बहुधा औषध सुरू केल्यावर ४ ते १४ दिवसांनी दिसतं, त्यामुळे गोळीवर संशय जात नाही. अंगावर पित्त मात्र काही मिनिटांत किंवा तासांत उठू शकतं. तीच गोळी घेतल्यावर दरवेळी त्याच जागी काळपट डाग येत असेल, तर तीही औषधाचीच खूण.

मलमाची चूक
स्टेरॉइड असलेलं मलम नायट्यावर लावलं की खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. अशी अनेक मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

लगेच रुग्णालयात कधी जायचं?
- तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड आले
- कातडी सोलू लागली किंवा दुखू लागली
- चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला
- पुरळासोबत जास्त ताप आला

जाताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या.